यादी इथली, मजकूर तिथला

गुरुवारी सकाळी अकरा वाजता सरोजिनी लेले यांनी लॅपटॉपवर एंटर दाबलं आणि पुढच्या दहा मिनिटांत गोवर्धनवाडी वाचनालयाच्या चौऱ्याण्णव सभासदांच्या मोबाइलवर एकेक निरोप जाऊन पोचला. पडद्यावर 'चौऱ्याण्णव निरोप पाठवले' अशी ओळ उमटली तेव्हा बाईंनी समाधानाने चष्मा पुसला. कार्यवाहपदाच्या नऊ वर्षांत एवढं मोठं काम इतक्या झटपट झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

काम खरोखरच मोठं होतं. ठाकूरद्वारची गोवर्धनवाडी पुनर्विकासाला निघाली होती आणि तळमजल्यावरच्या वाचनालयाचं पुढे काय करायचं, हे रविवारच्या विश्वस्तांच्या बैठकीत ठरायचं होतं. विश्वस्तांचे अध्यक्ष विनीत कोठारे यांनी सरळ सांगितलं होतं, "बाई, चालू सभासद पन्नास दाखवा, नव्या इमारतीत खोली घ्या. नाही दाखवलेत, तर जिन्याखाली दोन कपाटं." चालू सभासद म्हणजे गेल्या वर्षभरात निदान एकदा तरी वाचनालयात येऊन वहीत सही करून गेलेला माणूस. असे सभासद भरले एकोणीस. बाकीचे नुसतेच सभासद होते. त्यातल्या बहुतेकांनी पुस्तकं नेली होती आणि ती परत करायला लागू नयेत म्हणून तेही परत आले नव्हते.

म्हणून बाईंनी दोन दुपारी खर्च करून एक स्मरणपत्र लिहिलं. 'आपणाकडील पुस्तक येत्या शनिवारी सायंकाळपर्यंत समक्ष येऊन जमा न केल्यास आपले सभासदत्व रद्द करण्यात येईल. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.' दुसऱ्या वाक्यातला 'कोणतीही' हा शब्द त्यांनी मुद्दाम नंतर घातला होता.

एवढे निरोप एकेक करून पाठवायचे म्हणजे आठवडा गेला असता. पण बाईंची भाची मनवा परळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. वाचनालयाचा मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की यादीतल्या प्रत्येकाला त्याचं नाव घालून निरोप जातो, असा प्रोग्रॅम तिने लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'निरोप्या'. खाली बाईंचं नाव आणि हुद्दाही तो आपला आपण घाली. बाईंना तो फार पसंत पडला. विमा कंपनीतल्या नोकरीत त्या हिरव्या अक्षरांच्या जुन्या काँप्युटरवर हात बसवून निवृत्त झाल्या होत्या आणि माऊसवर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता. काळ्या पडद्यावर आपण विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं. मध्ये फुलं, ढग, फुगे काही नाही.

पुसलेला चष्मा त्या नाकावर चढवत होत्या, तेवढ्यात दारात गणपत सावंत येऊन उभा राहिला. गणपत हा वाचनालयाचा शिपाई, तीस वर्षांचा जुना. रहस्यकथा वाचायच्या म्हणून तो सभासदही होता, त्यामुळे यादीत त्याचंही नाव होतं. त्याच्या हातात मोबाइल होता आणि चेहरा कावराबावरा झाला होता.

"बाई, माका कसलो राग नाय हा," तो म्हणाला.

"कसला राग?"

"सकाळी तुमी माका केर नीट काढूक नाय म्हणान बोललात, ता मी कधीच इसारलंय. तुमी कित्याक मनाक लावन घेतलात?"

"गणपत, काय बोलतोस तू?"

गणपतने मोबाइल पुढे केला. बाईंनी वाचलं:

'श्री. गणपत सावंत, राग सोड ना. चूक माझीच होती. तुझ्याशिवाय अजिबात करमत नाही. शनिवारी पाच वाजता ये, साबुदाणा वडे करते. नाही आलास तर मी तुझ्या घरी येऊन बसेन. — सरोजिनी लेले, कार्यवाह, गोवर्धनवाडी वाचनालय.'

बाईंनी दोनदा वाचलं. मग त्या हळूच खुर्चीत बसल्या. "हे फक्त तुला आलंय ना, गणपत?"

उत्तर गणपतने दिलं नाही. ते टेबलावरच्या मोबाइलने दिलं. तो वाजायला लागला, थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. बाईंनी तो पालथा घातला आणि स्वतःच्या फोनवरून मनवाला लावला.

"मनवा, तुझ्या निरोप्याने माझी पार शोभा केली."

"का, आत्या? गेले नाहीत का मेसेज?"

"गेले ना! सगळेच्या सगळे गेले. वाचून दाखवते, ऐक." बाईंनी गणपतच्या मोबाइलवरून संपूर्ण निरोप खणखणीत आवाजात वाचून दाखवला. गणपत खिडकीबाहेर बघत राहिला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्या... हे तुझ्याकडे कसं आलं?"

"तेच मी विचारतेय. हे आहे कुणाचं?"

"माझं," मनवा पुटपुटली. "म्हणजे टेस्टिंगसाठी लिहिलेलं. काहीतरी मजकूर लागतो ना."

"टेस्टिंगला माणसं 'एक दोन तीन' लिहितात. साबुदाणा वडे लिहीत नाहीत."

"राजसशी भांडण झालं होतं गं तेव्हा. पाठवणार होते, मग नाहीच पाठवलं. ते जाऊ दे. तू प्रोग्रॅम चालवलास कुठून?"

"वाचनालयातून. आणखी कुठून चालवणार?"

"तसं नाही. कुठल्या फोल्डरमध्ये होतीस?"

"'स्मरणपत्र' नावाच्या. तू कागदावर लिहून दिलंयस तस्संच केलंय. आधी त्या फोल्डरात जायचं. मग लिहायचं निरोप्या, मग यादी, मग मजकूर. माझी यादी तिथेच आहे, माझा मजकूरही तिथेच आहे."

मनवाने कपाळावर हात मारल्याचा आवाज ठाकूरद्वारपर्यंत आला. झालं होतं असं, की निरोप्या 'यादी' शोधायला गेला तो बाई ज्या फोल्डरात होत्या तिथे. तिथवर ठीक होतं. पण 'मजकूर' शोधायला गेला तो स्वतःच्या घरी, म्हणजे ज्या फोल्डरात मनवाने प्रोग्रॅम ठेवला होता तिथे. तिथे त्या नावाची फाइल नसती, तर 'सापडत नाही' म्हणून तो मुकाट बसला असता. पण तिथेही 'मजकूर' नावाचीच फाइल होती, आणि तिच्यात मनवाचं हृदय होतं.

"म्हणजे यादी इथली घेतली आणि मजकूर तिथला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"असं कुणी करतं का?"

"मी टेस्ट करताना नेहमी निरोप्याच्याच फोल्डरमध्ये असायचे, आत्या. तिथे इथलं आणि तिथलं एकच. त्यामुळे कधी कळलंच नाही."

"मनवा, मी ठाकूरद्वारला बसून गणपतला म्हटलं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साबण आण, तर त्याने ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर जायचं. तो राहायला लालबागला आहे म्हणून लालबागच्या कोपऱ्यावर जायचं नाही. एवढं साधं आहे हे."

"साधं नाहीये ते. आमच्या टीममध्ये यावर दोन मीटिंगा झाल्यात."

"मग काय ठरलं?"

"तिसरी घ्यायची."

बाई काही बोलणार, तोच मनवा घाईने म्हणाली, "आत्या, आत्तासुद्धा मीटिंगच आहे, सगळे थांबलेत माझ्यासाठी. तू असं कर. निरोप्याच्याच फोल्डरमध्ये जा. तिथला माझा मजकूर पुसून टाक, दिलगिरीचा लिही आणि तिथूनच चालव. म्हणजे दोन्ही फाइली तिथल्याच घेईल, घोळच नाही."

फोन बंद झाला. बाईंनी दिलगिरीचा मजकूर लिहायला घेतला, पण मधेमधे तो पालथा घातलेला मोबाइल वाजत होता आणि तो कायम न उचलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पहिला फोन नायगावहून होता. "लेलेबाई, शेवंती जाधव बोलते. बाई, 'आलास' नाय हां, 'आलीस'. बाकी मी येते. पण माझं आणि तुमचं भांडण कधी झालेलं वो? मी सकाळपासनं आठवतेय."

दुसऱ्या फोनवर एक बाई नाव न सांगताच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना उपासाचं चालत नाही. ॲसिडिटी होते. आणि घरी येऊन बसायचं असेल तर आधी मला विचारायचं." बाई काही सांगेपर्यंत फोन बंद झाला होता.

तिसरा फोन खुद्द विनीत कोठाऱ्यांचा; सभासद म्हणून तेही यादीत होते. "सरोजिनीबाई, मला 'राग सोड ना' म्हणून आलंय."

"कोठारे, तो यंत्राचा घोळ आहे."

"आमच्या मिसेसनी वाचलं ते. माझ्या आधी."

"अहो, सगळ्यांनाच गेलंय ते."

"सगळ्यांना? मग तर जास्तच गंभीर आहे. रविवारी वाचनालयाबरोबर कार्यवाहपदाचाही विषय घ्यावा लागेल. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, असं आपलं मला वाटतं."

बाईंनी फोन ठेवला. नऊ वर्षांत त्यांनी एक दिवस वाचनालय बंद ठेवलं नव्हतं. त्यांनी भराभर लिहिलं: 'सकाळी गेलेला निरोप चुकून गेला आहे. त्यातील भावनांशी आमचा काहीही संबंध नाही. कृपया दुर्लक्ष करावे.' मनवाने सांगितलं होतं तसं निरोप्याच्या घरात जाऊन त्यांनी हुकूम दिला. एंटर.

पडद्यावर ओळ आली, 'दोन निरोप पाठवले.'

"दोन?" बाई पडद्याजवळ वाकल्या. "गणपत, दोनच म्हणतोय हा."

"बाकीचे दुपारच्यान जातीत," गणपतने धीर दिला.

ते काही जाणार नव्हते. दोन्ही फाइली तिथल्याच घेईल, असं मनवा म्हणाली होती आणि निरोप्याने अगदी तसंच केलं होतं. मजकूर तिथला घेतला आणि यादीही तिथलीच घेतली. तिथली यादी म्हणजे मनवाची टेस्टिंगची यादी, आणि तिच्यात नावं होती दोन. एक मनवाचं स्वतःचं आणि एक राजसचं.

मीटिंगमध्ये मनवाच्या मोबाइलवर तो निरोप पडला आणि तिला सगळं कळलं. पाठोपाठ राजसचा फोन आला. तीन आठवड्यांनी आलेला त्याचा हा पहिला फोन. ती मीटिंग सोडून बाहेर धावली.

"मनवा, तुझ्या आत्याने मला मेसेज केलाय. सकाळचा निरोप चुकून गेला म्हणे. मला तर सकाळी काही आलंच नाही. काय होतं त्यात?"

"काही नाही रे."

"काही नाही कसं? 'त्यातील भावनांशी आमचा काहीही संबंध नाही' असं लिहिलंय. कसल्या भावना? आणि 'आमचा' म्हणजे कुणाकुणाचा?"

"राजस, मी तुला संध्याकाळी सांगते. मी आत्ता फार मोठ्या घोळात आहे."

"म्हणजे भावना होत्या तर," राजस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत मनवाने परळहूनच बाईंच्या लॅपटॉपमध्ये शिरून प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता माणूस जिथे असेल तिथलीच यादी आणि तिथलाच मजकूर. शिवाय पाठवण्याआधी कुठली फाइल कुठून उचलली तो अख्खा पत्ता आणि मजकूर पडद्यावर दाखवायचा, आणि 'पाठवू का?' असं विचारायचं. तिसऱ्या मीटिंगची वाट न बघता हे सगळं वीस मिनिटांत झालं. बाईंनी 'स्मरणपत्र' फोल्डरात दिलगिरीचा मजकूर पुन्हा लिहिला, पत्ते तपासले, 'हो' म्हटलं.

'एकही निरोप गेला नाही.'

"सिमकार्डाचा आजचा मेसेजचा कोटा संपला, आत्या," मनवा फोनवर म्हणाली. "आता उद्या सकाळी. मी ऑफिसला जायच्या आधी येते, आपण दोघी मिळून पाठवू."

बाईंनी लॅपटॉप मिटला. दुपारभर फोन येतच राहिले. काहींना वाटलं वाचनालयाची फसवणूक झाली आहे, काहींना वाटलं बाईंचं डोकं फिरलं आहे, आणि बऱ्याच जणांना काहीच वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, पाच म्हणजे पाच का साडेपाच? चारच्या सुमाराला चंपा नाईक नावाच्या एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्क होता.

"हे दोन वर्षांपूर्वी गेले हो," त्या म्हणाल्या. "फोन त्यांचाच वापरते मी. निरोप आला तो त्यांच्या फोटोपुढे वाचला. म्हटलं, बघा, तुमच्याशिवाय कुणाला तरी करमत नाहीये. त्यांनी आणलेलं तुमचं एक पुस्तक आहे माझ्याकडे. मी आले तर चालेल का?"

"या ना," बाई म्हणाल्या.

आणि पाच वाजता, वाचनालय बंद करायच्या बेताला, एक लेखी उत्तर आलं. 'चूक कबूल केलीत, हा मोठेपणा. शनिवारी येतो. चहात साखर कमी. ता. क. आपल्या निरोपात शुद्धलेखनाची चूक नाही, याची नोंद घेतली आहे. — माधव पाध्ये.'

हा निरोप वाचून बाई दाराचं कुलूप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

माधवराव पाध्ये गिरगावातल्या एका छापखान्यात सदतीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते वाचनालयातली पुस्तकं तपासायला लागले. प्रत्येक कादंबरीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल, गाळलेल्या अक्षरांच्या जागी काकपदाची खूण, सगळं लाल शाईने. चार वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना सर्वांसमक्ष सुनावलं होतं, "पाध्ये, आम्ही पुस्तकं वाचायला देतो, तपासायला नाही." त्या दिवसापासून माधवराव या गल्लीतून जाताना समोरच्या फुटपाथवरून जात. त्याआधी पाच वर्षं ते रोज संध्याकाळी येत, आणि बाईंशी बोलण्यासारखं बोलणारा वाडीत तोच एक माणूस होता. हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मनवा आली. तिने लॅपटॉप उघडला. यादीचा पत्ता बरोबर, मजकुराचा पत्ता बरोबर. पडद्यावर प्रश्न थांबला होता: 'पाठवू का?'

"आत्या, टाकते हं 'हो'."

"थांब," बाई म्हणाल्या.

"का? सगळं नीट आहे आता. तूच बघ."

"किती जण येतो म्हणालेत ठाऊक आहे? काल रात्रीपर्यंत एकेचाळीस."

"ते वड्यांसाठी येतायत!"

"कशासाठी का येईनात. येऊन वहीत सही करतील ना? कोठाऱ्यांना सह्या हव्यात." मग बाई सह्यांची वही सरळ करत म्हणाल्या, "पाध्येही येतायत."

मनवाने वर पाहिलं. "ते लाल शाईवाले? तू त्यांची माफी मागितलीस असं वाटतंय त्यांना. चूक तुझी होती का?"

"मुळीच नव्हती."

"मग?"

"मग काय? साबुदाणा किती भिजवावा लागेल ते सांग. तुमच्या काँप्युटरात येतं का काही त्याचं?"

काँप्युटरात येत नव्हतं, पण गणपतच्या बायकोला, शांताला येत होतं. लालबागला मंडळाच्या भंडाऱ्यात तिने पाचशे माणसांचं केलेलं होतं. शनिवारी दुपारी ती दोन कढया आणि एक टोप घेऊन टॅक्सीने आली. वाडीच्या चौकात शेगडी मांडली आणि बाईंना म्हणाली, "बाई, तुम्ही वळू नका. तुमचे फुटतायत. तुम्ही सह्या घ्या."

पाचला दहा कमी असतानाच रांग लागली. शेवंती जाधव दोन मैत्रिणींना घेऊन आली. भांडण आठवलं नव्हतं, पण तिने जाहीरपणे सोडून दिलं. ॲसिडिटीवाले गृहस्थ पत्नीसह आले. पत्नीने बाईंना डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, निश्चिंत झाली आणि आत जाऊन पाककृतींच्या पुस्तकांपुढे उभी राहिली. चंपाताई वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक छातीशी धरून आल्या आणि ते देताना म्हणाल्या, "यातली खूण काढू नका हं. शेवटची चाळीस पानं त्यांची राहिली होती. मीच वाचून टाकते इथे बसून." त्या तिथेच बाकावर बसून वाचायलाही लागल्या. पुस्तकं टेबलावर चढत होती, वड्यांचा घमघमाट कपाटांपर्यंत पोचला होता आणि गणपत प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "आदी सही, मगे वडो! तेलकट हात पुस्तकाक लावक नाय!"

विनीत कोठारेही आले. "मी फक्त पाहणीला आलोय," ते दारातच म्हणाले आणि पाहणी करता करता त्यांनी सहा वडे खाल्ले. मिसेस कोठाऱ्यांनी सातवा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सभासदाचा अर्ज मागितला.

सव्वापाचला माधवराव पाध्ये आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत तीन पुस्तकं. समोरच्या फुटपाथवर ते जरा थांबले, मग रस्ता ओलांडून सरळ टेबलापाशी आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चूक कुणाची होती, हे आपण लिहून दिलंतच आहे," माधवराव म्हणाले. "तेव्हा मी तो विषय पुन्हा काढणार नाही."

बाईंच्या ओठांवर आलेलं वाक्य निदान चार वर्षं जुनं होतं. त्यांनी ते गिळलं.

"सही करा," त्या म्हणाल्या. "आणि ही पुस्तकं बघू."

त्यांनी वरचं पुस्तक उघडलं. पानोपानी खुणा होत्या.

"पेन्सिलीने केल्यात," माधवराव घाईघाईने म्हणाले. "खोडता येतात."

बाईंनी एक पान जवळ धरून पाहिलं. "हा 'की' दीर्घच हवा, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. माधवरावांचा चेहरा असा उजळला, की शांताने न सांगता त्यांच्या बशीत आणखी एक वडा टाकला.

मनवाने 'शनिवारी वाचनालयात ये, तिथे सांगते' एवढंच कळवलं होतं, म्हणून या गर्दीत राजसही आला. हिंदमाताला त्याच्या काकांचं साड्यांचं दुकान होतं, तिथून तो थेट आला होता. मनवा चहाचे कप भरत होती, तिच्यासमोर येऊन तो उभा राहिला.

"ज्या निरोपाकडे मी दुर्लक्ष करायचं होतं, तो मला इथे गणपतकाकांनी दाखवला," तो म्हणाला. "चौऱ्याण्णव लोकांना गेला, मला सोडून."

"यादी चुकली," मनवा कपाकडे बघत म्हणाली. "मजकूर बरोबर होता."

राजसने तिच्या हातातली किटली घेतली आणि तो स्वतःच कप भरायला लागला.

साडेसातला वहीतल्या सह्या मोजल्या तेव्हा अठ्ठावन्न भरल्या. टेबलावर एकशे बारा पुस्तकं होती. त्यांतली तीन दुसऱ्याच कुठल्यातरी वाचनालयाची निघाली.

रविवारच्या बैठकीत कोठाऱ्यांनी वही उलटसुलट करून पाहिली, स्वतःचीच सही त्यात पाहून खाकरले आणि म्हणाले, "सभासदसंख्या समाधानकारक आहे. नव्या इमारतीत खोली द्यावी, असं माझं मत आहे. पहिल्या मजल्यावर, उजेडाची." कार्यवाहांच्या विश्रांतीचा विषय त्यांनी काढला नाही.

सोमवारी सकाळी बाई मोठ्या उत्साहात लॅपटॉपपुढे बसल्या. एवढे लोक आले, तर त्यांचे आभार मानायला हवेत. त्यांनी 'आभार' नावाचं नवं फोल्डर केलं, त्यात यादी ठेवली आणि मजकूर लिहिला, 'आपण केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल वाचनालय आपले अत्यंत आभारी आहे. आपला लोभ असाच राहावा, ही विनंती.' मग हुकूम दिला. निरोप्याने यादीचा अख्खा पत्ता दाखवला, मजकुराचा अख्खा पत्ता दाखवला, मजकूरही दाखवला आणि विचारलं, 'पाठवू का?' बाईंनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. यादी इथली. मजकूरही इथलाच. त्यांनी 'हो' म्हटलं आणि 'चौऱ्याण्णव निरोप पाठवले' हे अक्षर न् अक्षर वाचून मनवाला फोन केला.

"मनवा, अगदी बिनचूक गेलं. तुझा निरोप्या सुधारला."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" मनवा म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी शीळ घालत होतं, आणि ती शीळ राजसची असावी, असं बाईंना वाटलं.

त्यांनी फोन ठेवला. वाचनालयाचा मोबाइल वाजला. माधवराव होते.

"सरोजिनीबाई, काय झालं?" त्यांचा आवाज अगदी पडलेला होता.

"कुठे काय झालं?"

"'आपण केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल'? अहो, परवा एवढं चांगलं बोललो आपण. मी नंतर काही वावगं बोललो का? त्या 'की'वरून?"

"नाही हो पाध्ये, ते आपले आभार मानलेत."

"मी आभार आणि राग यांतला फरक ओळखतो. सदतीस वर्षं मजकूर वाचलाय मी."

बाई पुढे समजावणार, तेवढ्यात गणपत दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाइल, चेहरा पडलेला.

"बाई, 'आपण'?" तो म्हणाला. "तीस वर्षांत तुमी माका कधी 'आपण' म्हटलात नाय. माझा काय चुकला?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. यादी बरोबर होती, मजकूर बरोबर होता, दोन्हींचे पत्ते बरोबर होते. त्यांनी गणपतला हाताने 'बस' अशी खूण केली आणि फोन कानाशी नीट धरला.

"नाही हो, माधवराव, रागावले नाहीये मी," त्या म्हणाल्या. "मग 'बहुमोल' कशाला?" पलीकडून आलं. बाईंनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "नाही रे, बाबा. खरंच नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. अजून ब्याण्णव जण बाकी होते.